राखाडी खिडकी

संप करणाऱ्यांबद्दल माझं वाईट मत नाही. माणसाने संप करावा, जरूर करावा. फक्त माझ्या शिफ्टला करू नये.

त्या गुरुवारी बेल्जियममध्ये देशभर संप होता. आगगाड्या बंद, विमानं बंद, शाळा बंद, आणि आमच्या चॅनलचं ब्रसेल्सचं ऑफिसही बंद. 'आमचं' म्हणायची सवय लागली आहे. नाहीतर मी कोथरूडची मैथिली, माझा आणि त्या चॅनलचा काय संबंध! बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या लोकांचं ते सार्वजनिक चॅनल, नाव व्हेन्स्टर. व्हेन्स्टर म्हणजे खिडकी. त्याचं काही काम दुबईतून चालतं, कारण इथे माणसं स्वस्त पडतात आणि संप करत नाहीत. ब्रसेल्सहून कार्यक्रमांच्या फायली येतात. आम्ही त्या ठरल्या क्रमाने हवेत सोडतो, मध्ये प्रोमो घालतो, कोपऱ्यात लोगो लावतो. आमच्या धंद्यात याला प्लेआउट म्हणतात. एरवी फक्त परदेशातल्या प्रेक्षकांचं प्रक्षेपण आमच्याकडून जातं, पण तिकडे संप असला की सगळ्या चॅनलची दोरी आमच्या हातात येते.

डच मला येत नाही. नवीन होते तेव्हा डच म्हणजे हॉलंड असं धरून मी व्हिडिओ कॉलला मागे ट्यूलिपच्या शेताचं चित्र लावलं होतं. ब्रसेल्सचा माणूस थंडपणे म्हणाला, "ते आमचे शेजारी." त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

तर संपाचाच दिवस, आणि त्याच दिवशी चॅनलला साठ वर्षं पूर्ण होत होती. दुपारी नवा लोगो, नवे रंग, सगळं नवं रूप हवेत जाणार होतं. तारीख वर्षभर आधी ठरलेली. संपवाल्यांना ती कुणी सांगितली नसावी.

माझ्यासाठी त्या दुपारवर काय टांगलं होतं ते सांगते. अंकुरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून तो आणि आमचा शौर्य दोघंही माझ्या व्हिसावर. शौर्य बारावीला, बोर्ड तोंडावर आलेलं. माझं काँट्रॅक्ट वर्षअखेरीस संपत होतं. आमचा ऑपरेशन्स हेड चारुदत्त, माणूस वाईट नाही, पण त्याने सरळ सांगितलं होतं, "मैथिली, लाँच स्मूथ गेला की रिन्यूअल पक्कं. नाही गेला, तर मग इन्शाल्ला." मशिदीतला इन्शाल्ला वेगळा आणि ऑफिसातला वेगळा. ऑफिसात तो शब्द आला की समजायचं, काम होणार नाही.

लाँचची पाहुणी आमच्याच इमारतीत बसली होती. गोडेलीवबाई. साठ वर्षांपूर्वी हे चॅनल सुरू झालं तेव्हा पडद्यावर आलेला पहिला चेहरा. त्या काळी दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदिका येऊन पुढचं सांगायची, तशा त्या पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या. आता वय चौऱ्याऐंशी, मुक्काम मुलीकडे, अबू धाबीत अल रीम आयलंडवर. मुलगी त्यांना सकाळी सोडून गेली होती आणि संध्याकाळी न्यायला येणार होती. नवा लोगो आला की आमच्या छोट्या स्टुडिओतून बाईंनी लाइव्ह यायचं आणि पहिल्या दिवशीचं 'खिडकी उघडी आहे' हेच वाक्य म्हणायचं, असा बेत होता. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, हातात काठी. मी नमस्कार केला तर त्यांनी माझा हात धरून विचारलं, "आरसा कुठे आहे?"

कंट्रोल रूममध्ये मी आणि शुभ्रा. शुभ्रा चोवीस वर्षांची, ट्रेनी, अजून प्रोबेशनवर. जन्म इथला, बर दुबईत वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. चारुदत्त पलीकडच्या इमारतीत क्लायंट मीटिंगला गेला होता.

नव्या रूपाच्या फायली बाहेर फुटू नयेत म्हणून कुलूपबंद पाठवल्या होत्या. लाँचच्या थोडंच आधी त्या उघडणार. उघडल्या, आणि शुभ्राने खुर्ची मागे सरकवली.

"मॅम, धिस इज वीअर्ड. एव्हरीथिंग इज ग्रे."

मी वाकून पाहिलं. आम्हाला दाखवलेल्या नमुन्यात लोगोची खिडकी पिवळी होती, झेंडूसारखी पिवळी. इथे कोपऱ्यातला लोगो राखाडी, मोठी खिडकी राखाडी, पाट्या राखाडी. आवाजाची पट्टी उघडली तर संगीत नाही. एकच घंटा. टण्ण, आणि मग शांतता.

राखाडी लोगोचा अर्थ आमच्या खोलीत एकच आहे. ब्रसेल्सनेच घालून दिलेला नियम: राखाडी म्हणजे शोक. देशात कुणी मोठं माणूस गेलं किंवा मोठा घात झाला, की लोगो राखाडी करायचा, विनोदी कार्यक्रम आणि प्रोमो थांबवायचे, चेलोची, म्हणजे खर्जातल्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, संथ धून लावायची. एकदाच वापरला होता, तिकडे पूर आला तेव्हा.

"कुणीतरी गेलंय," मी म्हटलं. "ऐन वेळी पॅकेज बदललंय त्यांनी."

"बट मॅम, मेल नाही, कॉल नाही."

"संप आहे. कोण करणार कॉल?"

ब्रसेल्सचा ड्युटी नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसरा लावला, तो स्विच्ड ऑफ. चारुदत्तला लावला, त्याने कट करून मेसेज टाकला: इन मीटिंग. हवेत तेव्हा एक विनोदी मालिका चालू होती. एक जाडा माणूस सायकलसकट कालव्यात पडत होता आणि मागे हशा पिकत होता. तो हशा मला ऐकवेना.

कारण मी इथला राष्ट्रीय दुखवटा पाहिला आहे. बातमी आली आणि बघता बघता सगळ्या चॅनलांवरची गाणी थांबली, कुराणाचं पठण सुरू झालं. आमच्याच मजल्यावरच्या एका चॅनलवर मात्र नाचगाणं तसंच चालू राहिलं, फार नाही, थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत वेगळीच माणसं बसलेली होती. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली: शोक थोडा आधी सुरू झाला तर कुणी काही म्हणत नाही, उशीर झाला तर मान जाते.

"मॅम, दोन मिनिटं द्या," शुभ्रा म्हणाली. "ब्रँड बुक आहे ना, डचमधलं. आय कॅन ट्रान्सलेट इट. कदाचित काही रीझन दिलं असेल."

नव्या रूपाचे सगळे नियम सांगणारं ते पुस्तक चांगलं जाडजूड होतं. आम्हाला त्याचा दोन पानी इंग्रजी सारांश दिला होता, त्यात राखाडीचं नाव नव्हतं. "एवढं ट्रान्सलेट करून वाचेपर्यंत तो माणूस आणखी चारदा कालव्यात पडेल," मी म्हटलं.

"देन आस्क हर. बाजूच्या रूममध्ये आहेत त्या. शी रीड्स डच!"

आता इथे माझी बुद्धी कुठे गेली होती असं कुणीही विचारेल. सांगते कुठे गेली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, घरापासून इतक्या लांब, आज तिच्या कौतुकाचा दिवस. तिच्यासमोर जाऊन मी म्हणू, की बाई, तुमच्याकडे कोण गेलं ते जरा वाचून सांगा? गेलेलं माणूस तिच्या ओळखीचं असलं तर? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला अशी बातमी अंगावर टाकत नाहीत. आधी जेवू देतात, गोळी घेऊ देतात, जवळचं माणूस शेजारी बसवतात, मग सांगतात. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ गेले ते आजोबांना आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर सांगितलं होतं, आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"त्यांना यातलं काही कळता कामा नये," मी म्हटलं. "त्यांची मुलगी येईल, ती सांगेल." पँट्रीतल्या अजीजला फोन केला. "अजीजभाई, गेस्ट रूम का टीव्ही बंद कर दो. पूछें तो बोलना, केबल का प्रॉब्लेम है. और फ्रिज में मेरा डब्बा है, गरम करके मॅडम को दे दो." डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, माझा गुरुवार.

"जी मॅडम," अजीज म्हणाला.

मग मी शुभ्राकडे वळले. "शोक लाव."

"मॅम, आर यू शुअर?"

"निर्णय माझा आहे. लाव."

तिने बटण दाबलं. कालव्यातला माणूस अर्धवट ओला राहिला आणि नाहीसा झाला. पडद्यावर राखाडी खिडकी आली. घंटा वाजली. मग चेलो.

काही क्षण मला खरंच हायसं वाटलं. वेळेवर केलं, असं वाटलं. तेवढ्यात प्रेक्षक विभागाच्या लाइनचा दिवा लुकलुकायला लागला, मग दुसरा, मग सगळे. संपामुळे तिकडचे फोन आमच्याकडे वळवलेले. शुभ्राने सोशल मीडिया उघडला आणि भाषांतर लावलं. अख्खा देश संपामुळे घरी बसलेला, म्हणजे टीव्हीसमोर बसलेला. प्रत्येकाचा एकच प्रश्न: कोण गेलं?

"मॅम," शुभ्राने स्क्रीनवर बोट ठेवलं. "नोबडी नोज. देअर न्यूज साइट्स डोन्ट नो. ते आपल्यालाच विचारतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याशिवाय कुणीच शोक करत नाहीये."

मी इतर बेल्जियन चॅनलं लावून पाहिली. एकीकडे स्वयंपाक चालला होता. एकीकडे सायकलींची शर्यत. शौर्यचा गणिताचा क्लास, डिस्कव्हरी गार्डन्सचं आमचं घर, अंकुरने कालच इस्त्री करून ठेवलेले इंटरव्ह्यूचे शर्ट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. काढून टाकावा का शोक? पण काढला आणि खरंच कुणी गेलेलं असलं तर? ठेवला तरी मरण, काढला तरी मरण. मी तशीच बसून राहिले आणि चेलो वाजत राहिला.

आणि मग ते झालं. शुभ्राने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणीतरी एक जुना फोटो टाकला होता. तरुण बाई, केसांचा उंच अंबाडा, हसरे डोळे. खाली लिहिलं होतं, आज यांचा कार्यक्रम होणार होता, वय झालं होतं, त्याच गेल्या असणार. त्याच्याखाली मेणबत्त्या. शेकडो मेणबत्त्या, आणि आम्ही बघत असतानाच वाढत होत्या.

गोडेलीवबाईंचा फोटो होता तो.

दार उघडलं. काठीचा आवाज आला.

"खिचडी छान आहे," गोडेलीवबाई इंग्रजीत म्हणाल्या. "शेंगदाणे मला चावत नाहीत, पण छान आहे. आता सांगा, माझा टीव्ही का बंद केला?"

मागे अजीज कावराबावरा उभा होता. "मॅडम, मैंने बोला केबल का प्रॉब्लेम है. मानती नहीं हैं."

"मी आयुष्यभर टीव्हीत काम केलं," बाई म्हणाल्या. "केबल कधी जाते आणि टीव्ही कधी बंद करतात, एवढं मला कळतं." मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली, जिथे सगळे पडदे असतात. राखाडी खिडकी. चेलो. त्यांनी काठी घट्ट धरली. "कोण गेलं?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मुली, कोण गेलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "ब्रसेल्सने राखाडी फायली पाठवल्या. आम्हाला वाटलं शोक आहे. तुमचं जेवण झाल्यावर सांगणार होतो."

"काय सांगणार होतात? तुम्हाला तर माहीतच नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि शुभ्राच्या स्क्रीनवर वाकल्या. शुभ्रा ती बंद करायला गेली, पण बाईंनी तिचा हात बाजूला केला. एकेक ओळ बोट फिरवत वाचत गेल्या. हिला इथेच काही झालं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

"हा लिहितो, मी फार सुंदर होते," बाई हळूच म्हणाल्या. "लिफ्टमध्ये रोज भेटायचा. तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता." मग आणखी खाली गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "माझ्या मुलीने हे पाहिलं असेल. तिला फोन लावा. आधी तिला."

अजीजने लावून दिला. पलीकडून रडण्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. बाई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, थोडक्यात आणि खडसावून, आणि रडणं थांबलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्या फायली दाखवा."

मी दाखवल्या. खिडकी पाहिली, घंटा ऐकली, आणि बाई मटकन शुभ्राच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, झालं. पण त्या डोळे पुसत होत्या.

"ही माझी घंटा आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी संगीत नव्हतं. वाजवणाऱ्यांचे पैसे चुकते झाले नव्हते म्हणून आलेच नाहीत. मी टेबलावरची घंटा वाजवली आणि बोलायला लागले. आणि खिडकी राखाडी होती, कारण तेव्हा दुसरा रंगच नव्हता! डिझाइन करणारा मुलगा मला म्हणाला होता, दुपारी तुमच्या राखाडीने सुरुवात करू आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू पिवळा आणू. माझ्यासाठी केलंय हे त्याने."

लाँचसाठी आलेली साठ वर्षांच्या इतिहासाची फिल्म मी स्वतः तपासली होती. आवाज बंद करून, दुप्पट वेगाने, कुठे चित्र तुटतंय का एवढंच बघत. आम्ही तशीच तपासतो. त्यात ती पहिली खिडकी होतीच. पण जुन्या फिल्ममध्ये सगळंच राखाडी असतं. खिडकी राखाडी आहे हे माझ्या डोळ्यांना वेगळं दिसलंच नाही. त्यांनी बाईंचा मान केला होता आणि मी त्याचं सुतक करून टाकलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"सॉरी," मी म्हटलं.

"नंतर," बाई उठल्या. "स्टुडिओ कुठल्या बाजूला आहे?"

मी त्यांना हात देऊन नेलं. पॅसेज लांब आहे. चालता चालता त्या बोलत होत्या, मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. "आमच्या वेळी फिल्म सारखी तुटायची. तुटली की माझ्या टेबलावरचा लाल दिवा लागायचा. मी हसायचं आणि माफी मागायची. लोकांना वाटायचं चूक माझीच. कुणाची होती ते मी कधीच सांगितलं नाही. पण एक रीत होती. ज्याची चूक, त्याने नंतर मला केक आणायचा. मोठ्या साहेबांनीसुद्धा आणलाय." त्या थांबल्या. "तुमच्याकडे आहे अशी रीत?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे मेमो येतो."

त्यांना दिव्यांखाली बसवून मी कंट्रोल रूमकडे पळाले. शुभ्राने चेलो थांबवला. खिडकी गेली, बाई आल्या. त्यांच्या हातात गेस्ट रूममधला चहाचा कप आणि चमचा होता. त्यांनी चमच्याने कपावर एकदा टण्ण केलं आणि हसल्या.

मग त्या बोलायला लागल्या, आणि त्या काय बोलतायत ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. हे लिहिताना गंमत वाटते. तेव्हा जीव जात होता. त्या आम्हाला शिव्या घालत असत्या तरी आम्ही तशाच बघत राहिलो असतो. दुबई हा शब्द आला. शुभ्राने माझं मनगट धरलं. पुन्हा दुबई. मग काहीतरी म्हणून त्यांनी स्वतःच्या गालाला चिमटा काढला, आणि शुभ्राच्या स्क्रीनवर मेणबत्त्यांच्या जागी हसरे चेहरे यायला लागले.

ती भाषांतर वाचू लागली. "शी सेड, माफ करा, छोटा बिघाड झाला. साठ वर्षांनी घंटा जरा जोरात वाजवली आणि सगळे घाबरले. दुबईतली माणसं माझी फार काळजी घेतात, त्यांनी मला जेवायला घातलं. मी जिवंत आहे, चिमटा काढून पाहिला. खिडकी उघडी आहे." शुभ्रा रडत होती. मीही.

चारुदत्त आला तो धावतच. एका कानाला फोन. पलीकडे चॅनलच्या ब्रसेल्समधल्या प्रमुख बाई होत्या, संपाच्या मोर्चातून बोलत होत्या, मागे ढोल ऐकू येत होते. त्याने फोनवर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"मी सांगितलंय की ट्रेनीने चुकून बटण दाबलं," तो मराठीत पुटपुटला. "ती प्रोबेशनवर आहे, वडिलांच्या व्हिसावर आहे, तिला काही फरक पडत नाही. दुसरीकडे मिळेल तिला. तू मध्ये बोलू नकोस. शौर्यची बारावी आहे ना?"

तो माझं भलंच बघत होता. आणि मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, बसले. मान हलवली की नाही ते आठवत नाही, पण नाही म्हटलं नाही. शुभ्रा तिथेच होती, आणि मराठी तिला सगळं कळतं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती कीबोर्डवर नसलेली धूळ पुसत राहिली.

गोडेलीवबाई आल्या. चारुदत्तने टाळ्या वाजवल्या, फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे ब्रसेल्सला कौतुक ऐकू यावं. "अमेझिंग, मॅडम! यू सेव्ह्ड अस!"

"ते असू दे," बाई म्हणाल्या. "माझा केक कोण आणणार?"

चारुदत्तला काही कळलं नाही. बाईंनी त्याला रीत समजावून सांगितली. तो मोठ्याने हसला आणि शुभ्राकडे हात केला. "धिस यंग लेडी, मॅडम. आमची ट्रेनी. राँग बटन."

शुभ्रा उठून उभी राहिली. मला वाटलं ती आता बोलेल, आणि तिने बोलावं असं मला वाटलं, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. पण ती म्हणाली, "आय ॲम सॉरी, मॅम. मी आणीन केक."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नुसत्या पाहत राहिल्या. फोनमधून ढोल वाजत होते.

"केक माझ्याकडून," मी म्हटलं.

"मैथिली," चारुदत्त म्हणाला.

"केक माझ्याकडून आहे," मी पुन्हा म्हटलं, या वेळी इंग्रजीत, फोनकडे तोंड करून. "निर्णय माझा होता. हिने मला अडवलं. पुस्तक वाचू म्हणाली, बाईंना विचारू म्हणाली. मी ऐकलं नाही. तिने मी सांगितलेलं बटण दाबलं."

मग ब्रसेल्सच्या बाई म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी," आणि फोन ठेवला. त्यात राग होता की नाही, मला कळलं नाही.

चारुदत्त मात्र चिडला होता. मी त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं. "खलास," तो म्हणाला. "रिन्यूअल विसर. शिफ्ट पूर्ण कर, तुझ्या जागी बसवायला आज कुणी नाही. जाताना कार्ड रिसेप्शनला दे." दारापाशी थांबून, मागे न वळता म्हणाला, "मी प्रयत्न केला होता गं."

गोडेलीवबाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बदामाचा आण," त्या म्हणाल्या. "मऊ."

मग मी शिफ्ट पूर्ण केली. ठरल्याप्रमाणे खिडकीत पिवळा रंग भरत गेला. आधी चौकट, मग काचा. शुभ्रा शेजारी बसली होती. एकदा तिने तिच्या डब्यातली केळी माझ्यापुढे सरकवली, कारण माझी खिचडी गेली होती.

बाहेर पडण्याआधी अंकुरला फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आतच तो बोलायला लागला.

"अगं, आम्ही बघत होतो! शौर्यने लॅपटॉपवर लावलं होतं. काय झालं होतं ते मध्येच? आमचा तर जीव टांगणीला. आणि मग ती म्हातारी आली आणि हसली, तेव्हा हा उड्या मारायला लागला. मॉम फिक्स्ड इट, मॉम फिक्स्ड इट. मित्रांना क्लिप पाठवलीये त्याने. आता रिन्यूअलचं काय, आज बोलला का चारुदत्त?"

मागून शौर्य काहीतरी ओरडत होता, खुशीत. त्याचा आवाज आता अगदी अंकुरसारखा झाला आहे.

"अंकुर," मी म्हटलं, "शौर्यला फोन दे. त्याला मी सांगते."